राजकीय जाहिरातीतला क्रिएटिव्ह डायरेक्टर नेमकं काय करतो?

साबणाच्या कंपनीची एखादी जाहिरात पडली, तर पुढच्या तिमाहीत नवी करता येते. बाजारात चौथा क्रमांक असला तरी कंपनी तग धरते. निवडणुकीत मतदानाचा दिवस ठरलेला असतो, तो कुणासाठी थांबत नाही, आणि बहुतेक लढतींत दुसऱ्या क्रमांकाच्या हाती काहीच लागत नाही. शिवाय साबण आवडला नाही तर माणूस पुढच्या महिन्यात दुसरा आणतो. चुकीच्या माणसाला निवडून दिलं तर चार-पाच वर्षं थांबावं लागतं, आणि ज्याने त्याला मत दिलं नव्हतं त्यालाही ती किंमत मोजावी लागते. राजकीय जाहिरात करणाऱ्याचं काम समजून घ्यायचं, तर हा फरक आधी ध्यानात ठेवायला हवा.

एजन्सीत कॉपीरायटर शब्द लिहितो, आर्ट डायरेक्टर दृश्य ठरवतो, आणि त्यातलं काय बाहेर जाणार, काय कचऱ्यात जाणार, याचा निर्णय क्रिएटिव्ह डायरेक्टरचा असतो. राजकीय मोहिमेतही तेच, पण टेबलाभोवतीची माणसं वेगळी. तिथे सर्वेक्षण करणारा असतो, रणनीती आखणारा असतो, प्रतिस्पर्ध्याची जुनी भाषणं आणि सभागृहातलं मतदान खणून काढणारा संशोधक असतो, जाहिरातीची वेळ विकत घेणारा मीडिया प्लॅनर असतो आणि वकील असतो. या सगळ्यांनी आणून टाकलेल्या ढिगातून तीस सेकंदांची फिल्म किंवा सात शब्दांचं होर्डिंग काढायचं, ही क्रिएटिव्ह डायरेक्टरची जबाबदारी.

लोकांना वाटतं, याला घोषणा सुचते आणि तिचेच पैसे मिळतात. घोषणा हा कामाचा भाग आहे, पण लहान. माझ्या मते त्याचं खरं काम म्हणजे लोकांच्या मनात आधीच काय साचलंय ते ओळखणं, आणि ही निवडणूक कोणत्या प्रश्नावर होणार, तो प्रश्न त्यातून उचलणं. प्रश्न बरोबर उचलला तर साधे शब्द पुरतात. तो चुकला तर देखणी फिल्मसुद्धा वाया जाते.

टीव्हीवरच्या राजकीय जाहिरातीची सुरुवात साधारण १९५२ पासून धरतात. अमेरिकेत जनरल आयझेनहॉवर अध्यक्षपदासाठी उभे होते आणि रॉसर रीव्ह्ज नावाच्या जाहिरातकाराने त्यांच्यासाठी छोट्या छोट्या फिती तयार केल्या. सामान्य माणूस प्रश्न विचारतो, आयझेनहॉवर उत्तर देतात, इतकंच. प्रत्यक्षात आयझेनहॉवर यांची उत्तरं आधी चित्रित झाली होती आणि प्रश्न विचारणारी माणसं नंतर वेगळी उभी केली होती. त्यांचे प्रतिस्पर्धी ॲडलाय स्टीव्हन्सन यांना हा प्रकार मुळीच पटला नाही. न्याहारीच्या सीरियलसारखा उमेदवार विकणं हा लोकशाहीचा अपमान आहे, असं ते १९५६ च्या भाषणात म्हणाले. १९५२ आणि १९५६, दोन्ही वेळा ते हरले, पण त्यांची तक्रार आजही कुणाला निकालात काढता आलेली नाही. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तरी स्वतःला ऐकवावी.

१९६४ मध्ये या कामाचं स्वरूपच पालटलं. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्यासमोर बॅरी गोल्डवॉटर उभे होते. जॉन्सन यांच्या बाजूने डॉयल डेन बर्नबाक ही एजन्सी काम करत होती, फोक्सवॅगनच्या छोट्या गाडीच्या जाहिरातींनी गाजलेली. तिने ध्वनितज्ज्ञ टोनी श्वार्ट्झला सोबत घेतलं. जी फिल्म तयार झाली ती एक मिनिटाची, कृष्णधवल. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या तोडत मोजते आहे. ती चुकते. पाचानंतर सात म्हणते, मग सहा, पुन्हा सहा. ही चूक फिल्ममध्ये तशीच ठेवली आहे. नवापाशी ती अडखळते आणि तिथे एका पुरुषाचा कोरडा आवाज उलटी मोजणी सुरू करतो. मुलगी वर पाहते, चित्र तिथेच गोठतं, कॅमेरा तिच्या डोळ्यात शिरत जातो. मोजणी शून्यावर येते आणि अणुस्फोट होतो. त्यावर जॉन्सन यांचा आवाज, आणि शेवटी ३ नोव्हेंबरला मत देण्याचं आवाहन.

या साठ सेकंदांत गोल्डवॉटर यांचं नाव एकदाही येत नाही. आरोप नाही, कात्रण नाही, आकडा नाही. त्याची गरजच नव्हती. गोल्डवॉटर यांनी १९६३ च्या अणुचाचणीबंदी कराराच्या विरोधात मत दिलं होतं, अण्वस्त्रांबद्दलची त्यांची विधानं वर्तमानपत्रांतून लोकांच्या कानावर आधीच गेली होती. भीती प्रेक्षकाच्या मनात होतीच. फिल्मने तिला वाट करून दिली. श्वार्ट्झचं म्हणणंही हेच होतं: जाहिरात प्रेक्षकाच्या डोक्यात काही नवं भरत नाही, त्याच्या आत जे आहे त्याला स्पर्श करून ते बाहेर काढते. माझ्या मते राजकीय जाहिरातीबद्दल याहून नेमकं विधान अजून कुणी केलेलं नाही.

ही फिल्म पैसे भरून एकदाच दाखवली गेली, ७ सप्टेंबर १९६४ च्या रात्री. मग गदारोळ उठला आणि बातम्यांनी ती फुकटात पुन्हा पुन्हा दाखवली. जॉन्सन ६१ टक्के मतं घेऊन निवडून आले. ते या फिल्ममुळे आले असं मात्र कुणी म्हणू नये, ते तसेही बरेच पुढे होते. फिल्मने साधलं ते वेगळंच. त्यानंतर त्या निवडणुकीत अणुबॉम्बचा विषय टाळून बोलणं गोल्डवॉटर यांना शक्य राहिलं नाही.

ब्रिटनमध्ये १९७८ मध्ये साची अँड साची या एजन्सीने हुजूर पक्षासाठी एक पोस्टर केलं. बेरोजगारांच्या कार्यालयाबाहेर लागलेली लांबच लांब रांग, आणि वर मजूर पक्षाच्या कारभारावर बोट ठेवणारे तीन शब्द. रांगेतली माणसं खरी बेरोजगार नव्हती, ते पक्षाचेच तरुण स्वयंसेवक होते. ठरवल्यापेक्षा कमी जण आले म्हणून त्यांचेच फोटो पुन्हा पुन्हा जोडून रांग लांबवली होती. सरकारातल्या अर्थमंत्र्यांनी त्यावर संताप व्यक्त केला आणि वर्तमानपत्रांनी त्या बातमीसोबत पोस्टर छापलं. मोजक्या होर्डिंगवर लागलेली गोष्ट त्यामुळे देशभर पोहोचली. पुढच्या वर्षी मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या. मला यातली रांगेची बनवाबनवी खटकते. बेरोजगारी खरी होती, मग रांगही खरी शोधता आली असती.

पण या क्षेत्रातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण विचाराल, तर मी चिलीचं नाव घेईन. १९७३ पासून तिथे जनरल पिनोशे यांची हुकूमशाही होती. १९८८ मध्ये सार्वमत जाहीर झालं: पिनोशे यांना आणखी आठ वर्षं द्यायची की नाही, 'हो' किंवा 'नाही'. दोन्ही बाजूंना टीव्हीवर रोज रात्री उशिरा पंधरा-पंधरा मिनिटं फुकट मिळाली, २७ दिवस. पंधरा वर्षं जे बोलताच येत नव्हतं ते बोलायला विरोधकांकडे एवढाच वेळ होता.

साहजिकच अनेकांना वाटलं, छळाची चित्रं दाखवू, बेपत्ता झालेल्यांची नावं वाचू, हिशेब मांडू. ते सगळं खरंच होतं. पण 'नाही'च्या बाजूने काम करणाऱ्या मंडळींनी, ज्यांचे क्रिएटिव्ह डायरेक्टर एउखेनियो गार्सिया होते, आधी लोकांचं म्हणणं नीट ऐकलं. लोकांना अत्याचार माहीत होते. लोक घाबरलेले होते, दमलेले होते, आणि मत देऊन काही बदलेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. अशा माणसाला अजून भीती दाखवली तर तो घरातच बसेल. म्हणून मोहिमेने प्रश्न बदलला. 'गेल्या पंधरा वर्षांत काय झालं' याऐवजी 'उद्या आपल्याला कसं जगायचंय' असा प्रश्न समोर ठेवला. इंद्रधनुष्याचं चिन्ह घेतलं, ज्यात वेगवेगळ्या रंगांचे डझनभराहून जास्त पक्ष मावले. 'आनंद येतोय' अशा अर्थाचं गाणं केलं. विनोद, नाच, रस्त्यावरची माणसं.

दुःख मात्र त्यांनी गाळलं नाही. त्या कार्यक्रमांत एक दृश्य आहे: क्वेका हा तिथला जोडीने करायचा नाच, आणि तो एक बाई एकटीच करते आहे. तिच्या समोरची जागा रिकामी, कारण जोडीदार बेपत्ता झालेला. बेपत्ता माणसांबद्दल तासभर बोलून जे पोहोचलं नसतं ते त्या रिकाम्या जागेने पोहोचवलं. एखादी गोष्ट वगळायची नसेल पण तिने माणूस खचूही नये असं वाटत असेल, तर ती किती, कुठे आणि कोणत्या रूपात दाखवायची, हे तारतम्य म्हणजेच क्रिएटिव्ह डायरेक्टरचं कसब. ५ ऑक्टोबर १९८८ ला मतदान झालं आणि 'नाही'ला जवळपास ५६ टक्के मतं पडली.

याच्या उलट टोकाचं उदाहरण आपल्याकडचंच आहे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीआधी केंद्र सरकारच्या खर्चाने 'इंडिया शायनिंग'ची मोहीम चालली, हिंदीत 'भारत उदय'. छायाचित्रं उत्तम होती, मांडणी आत्मविश्वासाची होती, आणि अर्थव्यवस्था वाढत होती हेही खोटं नव्हतं. पण ज्याच्या घरात तो उजेड पोहोचलाच नव्हता, त्याला ती जाहिरात दुसऱ्या कुणाबद्दल तरी बोलताना दिसली. काँग्रेसने 'आम आदमी को क्या मिला?' असा प्रश्न विचारला. सत्ताधाऱ्यांच्या मोहिमेनेच तो विरोधकांच्या हाती आयता दिला होता. त्या निकालामागे आघाड्यांची गणितं आणि राज्याराज्यांतली कारणं होतीच, एका जाहिरातीवर सगळं खापर फोडणं अन्यायाचं ठरेल. तरी लोकांना जे जाणवत नाही ते ठासून सांगितलं की काय होतं, हे शिकवायला तो धडा जगभर वापरता येईल.

दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, पीयूष पांडे यांच्या सोहो स्क्वेअर या एजन्सीने भाजपसाठी 'अब की बार मोदी सरकार' दिली. ती ओळ चहाच्या टपरीवर, मोबाइलवर, विनोदांत आपोआप फिरली, लोकांनी तिच्यात स्वतःची यमकं जोडली. लोकांनी आपली म्हणून वापरलेली ओळ एजन्सीच्या हातची राहत नाही, आणि तेच तिचं यश. 'अबकी बारी अटल बिहारी' ही घोषणा त्याआधी १९९० च्या दशकात लोकांच्या तोंडी होतीच, त्यामुळे कानाला तिची चालही ओळखीची वाटली असावी.

आता एक गोष्ट, जी या व्यवसायातली मंडळी फारशी मोठ्याने बोलत नाहीत. जाहिराती मतं किती बदलतात? फारच थोडी. २००६ मध्ये टेक्ससच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत संशोधकांना एका मोहिमेने परवानगी दिली की टीव्ही जाहिराती कुठे कधी लागतील हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. परिणाम चांगला जोरकस दिसला, पण आठवडाभरात तो बहुतेक विरून गेला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ४९ जाहिराती सुमारे ३४ हजार लोकांवर तपासल्या. सरासरी परिणाम अगदी लहान निघाला, आणि जाहिरात गोड होती की आक्रमक, याने त्यात फारसा फरक पडला नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी? एक तर अटीतटीच्या लढतीत तो लहान परिणामही पुरेसा असतो. दुसरं, जाहिरात थेट मत बदलण्यापेक्षा चर्चेचा विषय बदलते, आणि बातम्या, वादविवाद, घरातल्या गप्पा त्या विषयाभोवती फिरू लागतात. वरची उदाहरणं नीट पाहिली तर त्यांत हेच घडलेलं दिसतं. जो क्रिएटिव्ह डायरेक्टर 'माझ्या फिल्मने निवडणूक जिंकली' असं सांगत फिरतो, त्याच्यापासून उमेदवाराने चार हात लांब राहावं.

रोजचं काम कसं चालतं ते पाहू. मोहिमेच्या सुरुवातीला बहुतेक ठिकाणी एक चौकट आखतात. चार खाने. आपण आपल्याबद्दल काय म्हणणार, आपण त्यांच्याबद्दल काय म्हणणार, ते स्वतःबद्दल काय म्हणतील आणि ते आपल्याबद्दल काय म्हणतील. पहिले दोन खाने सगळेच भराभर भरतात. शेवटचा खाना प्रामाणिकपणे भरायला जीवावर येतं, कारण उमेदवारासमोर बसून त्याच्या उणिवा मोठ्याने वाचायच्या असतात. पण चौथा खाना रिकामा ठेवलेल्या मोहिमा पुढे हमखास अडचणीत येतात.

मग ब्रीफ येतं, म्हणजे जाहिरातीत काय सांगायचंय याचा लेखी कागद. समजा त्यात वाक्य आहे: 'ग्रामीण आरोग्यसेवेचे सक्षमीकरण करण्यात आले.' हे वाक्य कुणाच्याच मनात साचलेलं नसतं. कॉपीरायटर ते घेऊन बसतो आणि दोन दिवसांनी लिहून आणतो: 'रात्री मूल तापलं तर गाडी कुणाची मागायची, हा प्रश्न आता पडत नाही.' टेबलावरचे सगळे खूश होतात. इथे क्रिएटिव्ह डायरेक्टरने पुढचा प्रश्न विचारायचा असतो: दवाखाना रात्री उघडा असतो का? डॉक्टर मुक्कामाला आहे का? किती दवाखान्यांत? संशोधक आकडे आणतो आणि कळतं की इमारती झाल्यात, पण रात्रीचा डॉक्टर निम्म्या ठिकाणीही नाही. मग ती सुंदर ओळ फाडून टाकावी लागते. ज्या गावात डॉक्टर नाही तिथे ती ओळ शिवीसारखी ऐकू येईल. त्याऐवजी लिहिलं जातं: 'इमारत झाली. आता रात्रीचा डॉक्टर आणायचाय.' ही ओळ कमी चमकदार आहे, पण ती टिकते. आणि अनेकदा असं दिसतं की उरलेलं काम कबूल करणाऱ्या उमेदवारावर लोक जास्त भरवसा ठेवतात.

तीस सेकंदांत साठ-सत्तर शब्दांपेक्षा जास्त मावत नाहीत. प्रत्येक दाव्यामागे एक कागद हवा: तारीख, कात्रण, सभागृहातली नोंद. चांगल्या टीममध्ये स्क्रिप्टच्या शेजारी ही पुराव्यांची फाइल चालते आणि वकील ओळीओळीवर सही करतो. मतदान जवळ आलं की वेळ आकसत जातो. सकाळी प्रतिस्पर्ध्याने आरोप केला की संध्याकाळपर्यंत उत्तर तयार लागतं. व्यापारी जाहिरातीत तीन महिने लागतात ते काम इथे एका रात्रीत होतं, त्यामुळे संकलकाची खुर्ची आणि क्रिएटिव्ह डायरेक्टरची खुर्ची शेजारीशेजारी असतात.

निवडणुका रोज नसतात. मधल्या काळात ही माणसं सार्वजनिक प्रश्नांच्या जाहिराती करतात. एखादा कायदा यावा किंवा येऊ नये म्हणून संघटना आणि उद्योग पैसे घालतात, सरकारं लोकांच्या सवयी बदलायला मोहिमा काढतात, स्वयंसेवी संस्था मदत मागतात.

कायद्याच्या लढाईत प्रेक्षक कोण, हे ओळखणं अवघड असतं. अमेरिकेत १९९३-९४ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या आरोग्य योजनेविरुद्ध विमा कंपन्यांच्या संघटनेने जाहिराती दिल्या. हॅरी आणि लुईझ नावाचं मध्यमवर्गीय जोडपं घरात बसून कागद चाळतंय, आणि आपल्या हातात निवड राहणार नाही अशी काळजी बोलून दाखवतंय. टीव्ही सगळेच पाहत होते, पण खरा नेम कायदा करणाऱ्यांवर होता. मतदारसंघातली माणसं अस्वस्थ आहेत असं प्रतिनिधींना वाटलं पाहिजे, इतकंच हवं होतं. १९९४ मध्ये ती योजना बारगळली. पुढे २००९ मध्ये तेच दोन कलाकार पुन्हा पडद्यावर आले, या वेळी आरोग्य सुधारणेच्या बाजूने. अशा जाहिरातीत शेवटी बारीक अक्षरात येणारं संस्थेचं नाव प्रेक्षकाने सगळ्यात आधी वाचावं, कारण पैसे कुणाचे आहेत हे तिथेच कळतं.

लोकहिताच्या मोहिमांत प्रश्न उचलण्याचं कौशल्य सर्वांत स्वच्छ रूपात दिसतं, म्हणून मला त्या अधिक प्रिय आहेत. फ्लोरिडात १९९८ मध्ये किशोरवयीनांसाठी धूम्रपानविरोधी मोहीम करायची होती. सिगारेट शरीराला वाईट, हे मुलांना पाठ होतं, आणि नेमकं म्हणूनच ती ओढण्यात बंडाची मजा होती. मोहिमेने त्या बंडाचं तोंड फिरवलं: तंबाखू कंपन्या तुम्हाला फसवून गिऱ्हाईक करताहेत, त्यांच्याविरुद्ध बंड करा. २००० मध्ये हीच मोहीम देशपातळीवर आली तेव्हा एका तंबाखू कंपनीच्या कार्यालयाबाहेर प्रेतं ठेवायच्या १२०० पिशव्या रचल्या. तंबाखूने देशात दिवसाला तितकी माणसं मरतात, एवढंच सांगितलं.

भारतातली पोलिओची मोहीम आठवा. अमिताभ बच्चन बरीच वर्षं प्रेमाने, समजुतीने आवाहन करत होते. मग एका टप्प्यावर त्यांना रागावलेलं दाखवलं: एवढं सांगूनही तुम्ही मुलांना डोस पाजायला आणत नाही? घरातल्या वडीलधाऱ्याने रागवावं तसा तो राग होता, आणि तो पोहोचला. अर्थात खरं काम दारोदार फिरणाऱ्या लाखो कार्यकर्त्यांचं होतं, जाहिरातीने त्यांच्यासाठी दार किलकिलं केलं. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारतासह आग्नेय आशियाचा प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. जाहिरात क्षेत्रातल्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा ही तारीख मोठी आहे.

नियम देशोदेशी वेगळे आहेत आणि ते माहीत नसलेला क्रिएटिव्ह डायरेक्टर मोहिमेला गोत्यात आणतो. ब्रिटनमध्ये पैसे देऊन टीव्हीवर राजकीय जाहिरात करताच येत नाही, पक्षांना ठरावीक वेळ फुकट मिळतो. अमेरिकेत २००२ च्या कायद्यानंतर केंद्रीय निवडणुकीतल्या उमेदवाराला टीव्ही-रेडिओवर स्वतःच्या तोंडाने 'हा संदेश मला मान्य आहे' असं सांगावं लागतं. भारतात टीव्ही-रेडिओवरची राजकीय जाहिरात आधी समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते आणि मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत तिथे प्रचार बंद. सरकारी पैशाच्या जाहिरातींत कुणाचे फोटो असावेत, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बंधनं घातली आणि २०१६ मध्ये ती काहीशी सैल केली. युरोपीय संघाचा राजकीय जाहिरातींबाबतचा नवा नियम ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण लागू झाला. त्याआधीच गुगल आणि मेटा यांनी तिथे राजकीय जाहिराती घेणं थांबवण्याचं जाहीर केलं होतं.

नियम पुरेसे नसतात, आणि या भागावर थांबून बोलायला हवं. लोकांच्या मनात जे आहे त्याला हात घालायचा, असं मी वर म्हटलं. पण लोकांच्या मनात पूर्वग्रहही असतात, आणि त्यांनाही तितक्याच सहज हात घालता येतो. १९८८ मध्ये अमेरिकेत एका बाहेरच्या गटाने विली हॉर्टन या कृष्णवर्णीय कैद्याचा पोलिसी फोटो दाखवणारी जाहिरात दिली. सुट्टीवर सोडलेल्या या कैद्याने केलेला गुन्हा खरा होता, ज्याच्याविरुद्ध ही जाहिरात होती त्या उमेदवाराच्या राज्यात ती सुट्टीची योजना होती हेही खरं होतं. पण जाहिरातीचा रोख त्या चेहऱ्याच्या रंगाकडे होता, आणि तो समजायला कुणालाही शब्दांची गरज लागली नाही. प्रत्येक तथ्य बरोबर आणि जाहिरात विषारी, हे शक्य आहे. वकील अशी जाहिरात मंजूर करू शकतो. तिला नाही म्हणायचं ते क्रिएटिव्ह डायरेक्टरने, कारण चित्र काय बोलतंय हे त्या खोलीत त्याच्याइतकं नीट दुसऱ्या कुणाला कळत नसतं.

आता तर चित्र आणि आवाज दोन्ही यंत्राकडून बनवून घेता येतात. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात मतदारांना अध्यक्ष बायडेन यांच्या हुबेहूब खोट्या आवाजात फोन गेले, मत देऊ नका असं सांगणारे. ते घडवून आणणाऱ्या राजकीय सल्लागाराला ६० लाख डॉलरचा दंड झाला. यात क्रिएटिव्हपणा शून्य आहे आणि फसवणूक शंभर टक्के.

ज्यांना या वाटेने जायचंय त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. इथे थेट पदवी घेऊन कुणी येत नाही. कुणी व्यापारी एजन्सीतल्या कॉपीरायटिंगमधून येतं, कुणी पत्रकारितेतून, कुणी फिल्मच्या संकलनातून, तर कुणी पक्षाच्या कार्यालयात पत्रकं लिहितालिहिता. पत्रकारितेतून आलेली माणसं मला इथे जास्त टिकताना दिसतात, त्यांना पुरावा मागायची आणि सामान्य माणसाशी बोलायची सवय असते. पहिली संधी बहुधा छोट्या निवडणुकीत मिळते, जिथे लिहिणारा, चित्रण ठरवणारा आणि पोस्टर छापखान्यात नेणारा एकच असतो. ती संधी सोडू नये.

मोठ्या मोहिमांसाठी कधी कधी तात्पुरती टीम जमवतात. १९८४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यासाठी वेगवेगळ्या एजन्सींतल्या नामवंतांना एकत्र आणलं होतं आणि त्या गटाला 'ट्यूजडे टीम' म्हणत, कारण मतदान मंगळवारी होतं. त्या टीममधल्या हॅल रायनीने लिहिलेली आणि स्वतःच्या आवाजात वाचलेली, 'मॉर्निंग इन अमेरिका' या नावाने ओळखली जाणारी फिल्म अजून अभ्यासली जाते. मतदान झालं की अशी टीम विरते आणि प्रत्येकाला पुढचं काम शोधावं लागतं. म्हणून निम्मं वर्ष सार्वजनिक प्रश्नांच्या कामासाठी राखून ठेवणं शहाणपणाचं. पैशांच्या बाबतीत अनुभवी मंडळी एकच सांगतात: रक्कम आगाऊ घ्या. हरलेल्या मोहिमेचं कार्यालय निकालानंतर ओस पडतं आणि बिलं तशीच राहतात.

शिक्का बसतो, हेही माहीत असावं. अमेरिकेत राजकीय जाहिराती करणाऱ्या बहुतेक संस्था एकाच पक्षाच्या बाजूने काम करतात. इतर अनेक देशांत एजन्सी आज याचं, उद्या त्याचं काम घेते. कोणता मार्ग बरोबर यावर वाद आहेत. माझं मत असं, की उमेदवाराच्या प्रत्येक मताशी सहमत असण्याची गरज नाही, पण तो निवडून आला तर आपल्याला शरम वाटेल अशा माणसासाठी एक ओळही लिहू नये. व्यापारी कामात असं म्हणता येतं की लोकांनी वाईट शॅम्पू घेतला तर काय बिघडलं. इथे ती पळवाट नाही.

सराव करायला साधन हाताशी आहे. अमेरिकेतल्या १९५२ पासूनच्या अध्यक्षीय जाहिराती एका संग्रहालयाने लोकांना पाहायला खुल्या ठेवल्या आहेत, आणि समाजमाध्यमांवर चालणाऱ्या राजकीय जाहिराती कंपन्यांच्या जाहिरात-संग्रहात कुणालाही शोधता येतात. त्यातली एक घ्या. आधी आवाज बंद करून पाहा, मग चित्र न पाहता नुसती ऐका. ही जाहिरात मतदाराला कोणता प्रश्न विचारतेय ते एका वाक्यात लिहा. मग तिचे पैसे कुणी दिले ते शोधा, आणि त्याच पैशांत, तेवढ्याच सेकंदांत, दुसऱ्या बाजूसाठी उत्तर लिहून पाहा, खोटं न बोलता.